टॅक्रो १० मिग्रॅ घेऊनही लेव्हल ६, आणि शेजारच्याला ३ मिग्रॅमध्ये ९. असं कसं?

नवी_किडनी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३१, वजन ५८ किलो. दहा आठवड्यांपूर्वी ट्रान्सप्लांट झालं, डोनर आई. क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढला की वाईट) १.२ च्या आसपास आहे, लघवी व्यवस्थित, जखम भरली. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या नेहमीच्याच तीन, टॅक्रोलिमस (टॅक्रो), मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड).

तर झालंय असं की टॅक्रो सुरुवातीला ३-३ (सकाळ-रात्र, मिग्रॅ) होती, लेव्हल म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण आलं ३.४. मग ४-४ केली, ४.८ आलं. आता ५-५ म्हणजे दिवसाला १० मिग्रॅ चालू आहे आणि परवाचं लेव्हल ६.१. डॉक्टरांना ८ च्या पुढे हवंय. माझ्याच आठवड्यात ऑपरेशन झालेले एक काका आहेत, फॉलोअपला बाकावर शेजारी बसतो आम्ही, ते वजनाने ८० च्या वर, आणि त्यांना दिवसाला फक्त ३ मिग्रॅ, त्यात लेव्हल ९! परवा ते मला म्हणाले "अरे एवढ्या गोळ्या? जपून रे बाबा, हेच औषध किडनी खातं." तेव्हापासून झोप उडालीय.

डॉक्टरांना विचारलं तर "प्रत्येकाचं वेगळं असतं, काळजी करू नका" एवढंच. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात, मी समजू शकतो, पण "वेगळं असतं" म्हणजे नक्की काय वेगळं असतं? माझं शरीर औषधच नाकारतंय का? १० मिग्रॅने किडनी लवकर खराब होईल का? आणि आईने डोक्यात घेतलंय की तिची किडनी मला मानवत नाही म्हणून एवढं औषध लागतंय. तिला काय सांगू?

---

अकरा_वर्षं

पहिलं म्हणजे त्या काकांच्या शेजारी बसणं बंद करा 😄 गंमत करतोय, पण बाकावरच्या तुलनेने मी स्वतः पहिलं वर्ष वाया घालवलंय म्हणून सांगतो. माझ्या बॅचला आम्ही पाच जण होतो, पाचही जणांचे डोस वेगळे. मला सुरुवातीला ८ लागायची, आज ३.५ वर आहे. म्हणजे माणसामाणसात तर सोडाच, एकाच माणसाचं सुद्धा काळाप्रमाणे बदलतं.

मिग्रॅकडे बघू नका, लेव्हलकडे बघा. किडनीला त्रास होतो तो रक्तात किती औषध फिरतंय त्याने, पाकिटातून किती गोळ्या काढल्या त्याने नाही. तुमच्या रक्तात ६ आहे आणि काकांच्या ९, मग कोणाच्या किडनीवर जास्त औषध चाललंय ते तुम्हीच सांगा.

दोन गोष्टी मात्र तपासा. गोळी जेवणाच्या आधी घेता की नंतर? आणि रक्त द्यायला जाता त्या दिवशी सकाळची गोळी घेऊन जाता का न घेता?

---

औषधवाला

माझं शिक्षण फार्मकॉलॉजीत झालंय, पेशंट बघत नाही, त्यामुळे हे फक्त समजून घेण्यासाठी, डोसचं तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टशीच बोला.

अकरा_वर्षं दादांनी मुद्द्याचं सांगितलंच आहे, मी "का" ते सांगतो. टॅक्रोलिमस पोटात गेलं की लगेच रक्तात येत नाही. आधी आतड्याच्या भिंतीत त्याला दोन पहारेकरी भेटतात. एक म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप, तो आत आलेलं औषध उचलून परत आतड्यात फेकतो. दुसरं म्हणजे सीवायपी३ए घराण्यातली एन्झाइम्स, ती औषध तिथल्या तिथे तोडतात. त्यातून वाचलं ते लिव्हरमध्ये जातं, तिथे हीच एन्झाइम्स परत उभी. एवढं सगळं पार करून सरासरी गिळलेल्या गोळीचा पाव हिस्सा रक्तात पोचतो. पण ही सरासरी फार फसवी आहे बरं का, काहींच्यात ५ टक्क्यांच्या आसपास पोचतं तर काहींच्यात ८०-९० टक्क्यांपर्यंत. गोळी तीच, ताकद तीच. मग डोसमध्ये तिप्पट फरक पडला तर त्यात नवल काय?

आता या घराण्यातले दोन भाऊ महत्त्वाचे, सीवायपी३ए४ आणि सीवायपी३ए५. ए४ सगळ्यांच्यात असतो, कमीजास्त. ए५ ची गंमत आहे. त्याच्या जीनमध्ये एका जागी फक्त एक अक्षर बदललेलं असतं, ए च्या ऐवजी जी, आणि तेवढ्याने जीनचा निरोप चुकीच्या ठिकाणी कापला-जोडला जातो आणि एन्झाइम अर्धवटच तयार होतं, म्हणजे जवळपास नाहीच. या बदललेल्या प्रकाराला स्टार थ्री म्हणतात आणि चालू प्रकाराला स्टार वन. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती येतात. दोन्ही स्टार थ्री असतील तर ए५ बंद, एक जरी स्टार वन असेल तर ए५ चालू, आणि अशा चालू लोकांना "एक्स्प्रेसर" म्हणतात. एक्स्प्रेसर माणूस टॅक्रो भराभर तोडतो म्हणून त्याला साधारण दीडपट ते दुप्पट डोस लागतो.

युरोपीय वंशाच्या लोकांत ८० टक्क्यांहून जास्त लोकांचं ए५ बंद असतं, आफ्रिकी वंशात उलट, बहुतेकांचं चालू, आशियाई लोक मधे कुठेतरी. वजनावर काढलेला सुरुवातीचा डोस, म्हणजे किलोमागे दिवसाला ०.१ ते ०.२ मिग्रॅ, हा त्यामुळे निव्वळ अंदाजपंचे असतो, मोठ्या माणसांत वजनाचा आणि लागणाऱ्या डोसचा संबंध तसा बऱ्यापैकी कच्चाच आहे. म्हणून ८० किलोचे काका ३ वर आणि ५८ किलोचे तुम्ही १० वर.

तुम्ही विचारलंत "शरीर औषध नाकारतंय का", तर खरं बघायला गेलं तर बहुधा तुमचं जीन शाबूत आहे आणि काकांचं मोडकं आहे. रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्याचा, आणि याचा काहीएक संबंध नाही.

आणि आईला सांगा की औषध तोडायचं काम मुख्यतः तुमची आतडी आणि तुमचं लिव्हर करतं. किडनी आईची असली तरी हे दोन्ही तुमचेच आहेत. लिव्हर ट्रान्सप्लांट असतं तर गोष्ट वेगळी, तिथे डोनरच्या लिव्हरचं जीन पण मोजावं लागतं. इथे आईच्या किडनीचा काही दोष नाही. उलट क्रिएटिनिन १.२ म्हणजे ती मस्त काम करतेय.

---

शंकासूर

मग एवढं सगळं माहीत आहे तर ऑपरेशनच्या आधीच जीन टेस्ट करून बरोबर डोस का देत नाहीत? दहा आठवडे वर-खाली करत बसण्यापेक्षा एकदाच रक्त तपासा आणि मोकळे व्हा. का यात पण काही गौडबंगाल आहे?

---

औषधवाला

गौडबंगाल नाही हो, करून बघितलंय लोकांनी. २०१० मध्ये फ्रान्समधला अभ्यास आला, २८० पेशंट, अर्ध्यांना जीन बघून डोस दिला आणि अर्ध्यांना नेहमीसारखा. जीनवाल्यांत ४३ टक्के लोक तिसऱ्या दिवशी हव्या त्या लेव्हलमध्ये आले, नेहमीच्या पद्धतीत २९ टक्के. डोस कमी वेळा बदलावे लागले. पण रिजेक्शन, किडनीचं काम, यात काहीच फरक नाही. नंतर २०१६ मध्ये नेदरलँड्सचा आला, त्यात तर लेव्हल गाठण्यात सुद्धा फरक दिसला नाही.

आणि ते ४३ टक्के नीट बघा, म्हणजे जीन माहीत असून सुद्धा निम्म्याहून जास्त लोक निशाण्याबाहेरच होते. कारण ए५ हा एकच भिडू नाही. ए४ चा स्टार ट्वेंटीटू म्हणून एक संथ प्रकार आहे, वय आहे, लिव्हर कसं आहे, हिमोग्लोबिन किती, सोबत कुठली औषधं, सगळं येतं. शिवाय दोन-तीन दिवसांनी लेव्हल बघून डोस बदलायची सोय आहेच ना, मग जीनने जे सांगितलं असतं ते लेव्हल आठवड्याभरात सांगतंच. म्हणून २०१५ च्या सीपिकच्या (जीन बघून औषध कसं द्यावं ते सांगणारा तज्ज्ञांचा गट) गाइडलाइनची भाषा पण अशी आहे की जीनचा रिपोर्ट आधीच हातात असेल तर एक्स्प्रेसरला दीड ते दोनपट डोसने सुरू करा, पण टेस्ट करायचीच असं काही त्यात नाही. माझं वैयक्तिक मत, ज्याला आठ-दहा दिवस डोस वाढवूनही लेव्हल येत नाही त्याला टेस्ट केली तर निदान मनाची शांती मिळते, बाकी उपचार फारसा बदलत नाही.

---

नळी_आणि_सुई

मी लॅबमध्ये आहे, टॅक्रोची सॅम्पल्स रोज हातातून जातात. अकरा_वर्षं यांनी जो दुसरा प्रश्न विचारलाय तो मला सोन्याच्या अक्षरात लिहून काउंटरवर लावायचाय. लोक सकाळी गोळी घेतात, मग येतात, रक्त देतात, आणि लेव्हल १८ आलं की सगळ्यांची पळापळ. आपण मोजतो ते ट्रफ, म्हणजे पुढची गोळी घ्यायच्या अगदी आधीचं, आदल्या रात्रीच्या गोळीपासून १२ तासांनंतरचं. रात्री ८ ला घेतली तर सकाळी ८ ला रक्त. रात्री १० ला घेऊन सकाळी ७ ला आलात तर तो आकडा डॉक्टरांना चुकीच्या वाटेला नेणारच.

आणखी एक, ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. सगळ्या लॅबची मशीन सारखी नसतात. काही ठिकाणी इम्युनोअॅसे असते, काही ठिकाणी मास स्पेक्ट्रोमेट्री. इम्युनोअॅसे औषधाच्या तुटलेल्या तुकड्यांना पण थोडंफार औषधच समजते म्हणून आकडा जरा वर येऊ शकतो. एका आठवड्यात या लॅबचं, पुढच्यात त्या लॅबचं, आणि मग "लेव्हल कमी का झालं" म्हणून डोक्याला हात. एकच लॅब धरा.

हे औषध रक्तात बहुतांश लाल पेशींच्या आत जाऊन बसतं, म्हणून आपण सीरम नाही तर अख्खं रक्त तपासतो. ट्रान्सप्लांटनंतर पहिले काही आठवडे हिमोग्लोबिन कमी असतं, तेव्हा लेव्हल पण कमी दिसतं, जसजसं हिमोग्लोबिन वर येतं तसा त्याच डोसला आकडा वर सरकतो. नवी_किडनी, तुमचं हिमोग्लोबिन किती आहे सध्या?

---

रोखठोक

एवढं काय डोकं लावायचं. मी लेव्हल बघून स्वतःच अर्धा मिग्रॅ वर-खाली करतो, चार वर्षं झाली, काही झालं नाही. डॉक्टर पण तेच करणार.

---

अकरा_वर्षं

रोखठोक भाऊ, राग मानू नका, पण हे इथे लिहू नका, नवीन पोरं वाचतात. डॉक्टर फक्त आकडा बघत नाही, जुलाब झाले होते का, नवीन औषध सुरू केलं का, रक्त कधी दिलं, क्रिएटिनिन कुठे चाललंय, बीके व्हायरस (प्रतिकारशक्ती जास्त दाबली की डोकं वर काढून किडनीला त्रास देणारा) वाढलाय का, हे सगळं बघून मग ठरवतो.

माझंच सांगतो. तिसऱ्या वर्षी मला चार दिवस जबरदस्त जुलाब. मला वाटलं औषध सगळं वाहून जात असणार, लेव्हल खाली गेलं असणार, मी पण तुमच्यासारखाच शहाणा, अर्धा मिग्रॅ वाढवली. हात असे थरथरायला लागले की पेन धरता येईना. लेव्हल निघालं १९. नंतर कळलं की जुलाबात आतड्याचं अस्तर सोललं जातं, तिथला तो पंप आणि एन्झाइम दोन्ही निकामी होतात, मग औषध अडवायला कोणी उरत नाही आणि उलट जास्त आत शिरतं. क्रिएटिनिन १.३ चं १.९ झालं होतं. नशीब की डोस कमी केल्यावर परत खाली आलं.

---

रोखठोक

हे जुलाबाचं खरंच माहीत नव्हतं. बरं.

---

दुसरी_इनिंग

मी जरा वेगळी बाजू सांगते, कारण इथे सगळे लेव्हलवरच थांबलेत.

माझं हे दुसरं ट्रान्सप्लांट. पहिली किडनी सहा वर्षं चालली. त्या सहा वर्षांत माझं लेव्हल जवळपास कायम ७-८, डोस चुकवला नाही, तरी त्या किडनीविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या आणि हळूहळू गेली. माझ्याच ओळखीतल्या एकांचं लेव्हल ४-५ असतं, पंधरा वर्षं झाली, किडनी ठणठणीत. तेव्हा मी पण हाच प्रश्न विचारला होता, असं कसं?

मला जे समजावलं गेलं ते असं. रक्तात औषध किती आहे हा एक भाग, आणि त्या औषधाने तुमच्या टी पेशी (परक्या अवयवावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) कितपत गप्प बसतात हा दुसरा भाग. टॅक्रो पेशीत शिरून कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम दाबतं, ते दाबलं की आयएल-२ चा, म्हणजे पेशींना वाढायला सांगणारा, निरोप जात नाही आणि पेशींची फौज वाढत नाही. पण एकाच लेव्हलला दोन माणसांत हे एन्झाइम सारखंच दबेल असं नाही. आणि मुळात फौज किती चवताळलेली आहे ते पण वेगळं. माझी दोन बाळंतपणं झालेली, डायलिसिसवर असताना रक्त चढवलेलं, म्हणजे परक्या पेशींची ओळख माझ्या शरीराला आधीच होती. अशा ओळख झालेल्या पेशींना थोपवायला जास्त जोर लागतो. एचएलए, म्हणजे पेशींवरची आपलं-परकं ओळखायची खूण, डोनरशी किती जुळतंय यावर पण आहे. १९५४ ला बॉस्टनमध्ये पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं ते एकसारख्या जुळ्या भावांचं, हेरिक बंधू, त्यात इम्युनोसप्रेसंट लागलंच नाही, तेव्हा धड औषधं पण नव्हती. तिथपासून ते माझ्यासारख्यांपर्यंत केवढा पल्ला आहे बघा, आणि टार्गेट लेव्हल मात्र कागदावर सगळ्यांना सारखंच.

म्हणून आता माझे डॉक्टर लेव्हलबरोबर डोनरच्या विरुद्धच्या अँटिबॉडी पण ठरावीक महिन्यांनी बघतात. नवी_किडनी, तुमची आई डोनर आहे म्हणजे निम्मं एचएलए तरी नक्की जुळतं, आणि पहिलंच ट्रान्सप्लांट. तुमची जमीन माझ्यापेक्षा बरीच सपाट आहे.

---

औषधवाला

ताई, फार नेमकं मांडलंत. हीच खरी अडचण आहे, औषध मोजायला यंत्र आहे पण "प्रतिकारशक्ती नेमकी किती दबलीय" हे मोजायला अजून रोजच्या वापरातलं यंत्र नाही. प्रयत्न चालू आहेत. एक मजेशीर म्हणजे टॉर्क टेनो व्हायरस, हा बहुतेक सगळ्यांच्या अंगात असतो, काही त्रास देत नाही, पण प्रतिकारशक्ती जास्त दाबली की रक्तात त्याची संख्या वाढते आणि कमी दाबली की घटते. म्हणजे निरुपद्रवी व्हायरसलाच थर्मामीटर करायचं. युरोपात यावर ट्रायल केलीय, त्याच्या आकड्यावरून टॅक्रोचा डोस ठरवायचा अशी.

आणि "१० मिग्रॅने किडनी खराब होईल का" याचं अर्धं उत्तर राहिलं होतं, ते प्रामाणिकपणे देतो. भराभर तोडणाऱ्या लोकांसाठी एक साधा हिशोब करतात, ट्रफ लेव्हल भागिले दिवसाचा एकूण डोस. हा भागाकार १.०५ च्या खाली आला तर "फास्ट मेटाबोलायझर" म्हणतात. तुमचा ६.१ भागिले १० म्हणजे ०.६१. काकांचा ९ भागिले ३ म्हणजे ३. काही अभ्यासांत अशा फास्ट लोकांच्या किडनीचं काम पुढे जाऊन थोडं कमी राहिलेलं दिसलंय, एक कारण असं मानतात की ट्रफ सारखं दिसलं तरी गोळी घेतल्यावर तास-दोन तासांनी येणारं शिखर त्यांच्यात फार उंच जातं. हे घाबरवायला नाही सांगत, यावर उपाय असतात म्हणून सांगतोय. हळूहळू सुटणारी, दिवसातून एकदा घ्यायची गोळी असते, तिने शिखर बुटकं होतं. किंवा डॉक्टर टार्गेटच थोडं कमी ठेवून मायकोफेनोलेटवर भार देतात. सिम्फनी नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये, २००७ साली, १६४५ पेशंट होते, त्यात मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइडच्या जोडीने टॅक्रोचं ट्रफ ३ ते ७ एवढंच ठेवलेला गट सगळ्यात चांगला निघाला होता, किडनीच्या कामात पण आणि रिजेक्शन कमी होण्यात पण. त्यामुळे ६.१ म्हणजे काही आकाश कोसळलं नाही, फक्त पहिल्या तीन महिन्यांत बरेच डॉक्टर जरा वर ठेवतात.

एक मात्र, एकदाची गोळी आणि दोनदाची गोळी या मिग्रॅला मिग्रॅ सारख्या नसतात, दुकानात नाव सारखं दिसलं म्हणून बदलून घेऊ नका.

---

शंकासूर

हे सगळं टॅक्रोचंच का? बाकीच्या दोन गोळ्यांचं काय, त्या सगळ्यांना सारख्याच लागू पडतात?

---

औषधवाला

छे. फक्त त्यांचं लेव्हल बहुतेक ठिकाणी कोणी मोजत नाही म्हणून फरक दिसत नाही. मायकोफेनोलेट लिव्हरमधून पित्तात जातं, आतड्यात उतरतं आणि परत शोषलं जातं, अशी त्याची दुसरी फेरी असते. सायक्लोस्पोरिन (टॅक्रोच्याच जातीचं जुनं औषध) घेणाऱ्यांत ही दुसरी फेरी अडते, त्यामुळे सायक्लोस्पोरिनवरून टॅक्रोवर आलेल्या माणसात मायकोफेनोलेटचा डोस तोच ठेवला तरी ते रक्तात वाढतं, आणि मग पांढऱ्या पेशी कमी, जुलाब, असं सुरू होऊ शकतं.

अझाथायोप्रिन, प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध, तर जुनं उदाहरण. ते निकामी करणारं टीपीएमटी नावाचं एन्झाइम साधारण ३०० मागे एका माणसात जवळपास नसतंच, त्याला नेहमीचा डोस दिला तर बोन मॅरो बसतो, म्हणजे रक्तपेशी बनणंच थांबतं. आशियाई लोकांत एनयूडीटी१५ नावाचं दुसरं जीन जास्त महत्त्वाचं ठरतं. आणि अझाथायोप्रिनवर असताना युरिक अॅसिडसाठी अॅलोप्युरिनॉल दिलं तर चांगलं एन्झाइम असलेल्या माणसाचा पण मॅरो बसू शकतो, ही जोडी कायम लक्षात ठेवा.

प्रेडनिसोलोन स्वतःच सीवायपी३ए ला थोडं चेतवतं. म्हणून स्टिरॉइड कमी होत गेलं की टॅक्रोचं लेव्हल आपोआप वर सरकतं. अकरा_वर्षं यांचं ८ वरून ३.५ झालं त्यात हा पण भाग असणार.

---

दुसरी_इनिंग

सोबतच्या औषधांवरून आठवलं, हे प्रत्येकाने घरात लिहून ठेवा. फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोलसारखी फंगसची औषधं, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, बीपीचं डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल, यांनी टॅक्रो वाढतं. कोविडच्या गोळ्यांत रिटोनाविर असतं त्याने तर धोकादायक वाढतं. टीबीचं रिफाम्पिसिन, फिटची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, यांनी धाडकन खाली येतं. ग्रेपफ्रूट बंद. आणि "नैसर्गिक आहे, काही होत नाही" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत सेंट जॉन्स वर्ट असेल तर ते पण लेव्हल पाडतं. इम्युनिटी वाढवणारं काहीही तर नकोच, आपण ती दाबायला एवढा खटाटोप करतोय.

दात दुखला म्हणून गेलात तरी आधी सांगायचं "मला किडनी बसवलीय", मग तोंड उघडायचं.

---

नवी_किडनी

बाप रे, एवढं कोणीच मला कधी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, दोनदा वाचलं आणि मग आईला वाचून दाखवलं.

आता कबुलीजबाब. सकाळची गोळी मी नाश्त्यानंतर घेत होतो, रिकाम्या पोटी मळमळतं म्हणून. कधी नाश्त्याबरोबर, कधी अर्ध्या तासाने, जसं जमेल तसं. कागदावर लिहिलं होतं रिकाम्या पोटी, पण मला वाटलं एवढ्याने काय होतंय. रक्त मात्र न घेताच देतो, १२ तास बरोबर असतात, तेवढं शहाणपण आहे. हिमोग्लोबिन ९.८.

आणि काकांना काल फोन केला, सहज बाकीच्या गोळ्या विचारल्या. बीपीसाठी डिल्टियाझेम चालू आहे!! दुसरी_इनिंग ताईंची यादी वाचली नसती तर मला त्यातलं काहीच कळलं नसतं. त्यांना माहीतच नव्हतं की त्याने टॅक्रो वाढतं, त्यांना वाटायचं त्यांची तब्येतच भारी.

---

अकरा_वर्षं

हाहाहा. काकांना सांगा, पण हे पण सांगा की म्हणून डिल्टियाझेम स्वतःहून बंद करू नका, नाहीतर पुढच्या आठवड्यात त्यांचं लेव्हल खाली आणि ते तुमच्या बाकावर रडत. बरेचदा डॉक्टर हे माहीत असूनच देतात, टॅक्रोच्या गोळ्या कमी लागाव्यात म्हणून सुद्धा.

जेवणाचं म्हणाल तर फार लागतं. तेलकट-तुपकट खाण्याबरोबर घेतली तर औषध कमी आणि उशिरा शोषलं जातं. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन-तीन तासांनी असं सांगतात. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रोज एकसारखं. मी रात्रपाळीला असायचो तेव्हा कधी ८ ला, कधी ११ ला, कधी विसरून दुसऱ्या दिवशी, माझी लेव्हल ४, ९, ५, ११ अशी नाचायची. तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा ओरडले माझ्यावर.

---

औषधवाला

आणि बरोबर ओरडले. माणसामाणसातला फरक डॉक्टर डोसने भरून काढू शकतो, पण एकाच माणसात आज ४ आणि उद्या ११ असं होत असेल तर कुठला डोस लिहिणार? ही नाचणारी लेव्हल मोजायला गेल्या सहा-आठ आकड्यांचा चढउतार सरासरीच्या तुलनेत काढतात, ३० टक्क्यांच्या वर गेला तर बरेच जण धोक्याची खूण मानतात. ज्यांची लेव्हल अशी नाचते त्यांच्यात डोनरविरुद्ध नव्या अँटिबॉडी होणं आणि किडनी जाणं जास्त दिसलंय, आणि हे बऱ्याच ठिकाणच्या अभ्यासांत दिसलंय. त्यामागे बहुतेक वेळा चुकलेल्या गोळ्या असतात, जीन नाही. जीन काय, रोज तेच असतं.

नवी_किडनी, डॉक्टरांना नाश्त्याचं खरं सांगा. त्यांनी ५-५ वरून ६-६ केलं आणि त्याच दिवशी तुम्ही रिकाम्या पोटी घ्यायला सुरुवात केली तर दोन्ही मिळून लेव्हल उडी मारेल. त्यात हिमोग्लोबिन वर चाललंय, स्टिरॉइड उतरतंय, सगळ्यांची दिशा एकच आहे.

---

नवी_किडनी

आज फॉलोअप झाला, म्हणून अपडेट. सांगितलं नाश्त्याचं. डॉक्टर आधी हसले, मग थोडे चिडले, मग म्हणाले बरं झालं सांगितलंस, मी आज ६-६ लिहिणारच होतो. डोस आहे तोच ठेवलाय, आठवडाभर रिकाम्या पोटी ठरल्या वेळी घ्यायची आणि मग लेव्हल. ०.६१ चा हिशोब दाखवला तर म्हणाले हो, तू फास्ट आहेस हे तिसऱ्या लेव्हललाच कळलं होतं, तीन महिन्यांनंतर एकदाच्या गोळीचा विचार करू. जीन टेस्टची गरज नाही म्हणाले, "तुझं लेव्हलच तुझं जीन सांगतंय."

मळमळीसाठी मायकोफेनोलेटच्या वेळेत थोडा बदल करून दिलाय.

आई आता सगळ्यांना सांगत फिरतेय की किडनी माझी उत्तम आहे, याचं लिव्हरच आगाऊ आहे.

---

नळी_आणि_सुई

😂 आईंना नमस्कार. आणि त्या दिवशी सकाळची गोळी खिशात घेऊन या, रक्त दिलं की तिथेच पाण्याबरोबर घ्या, घरी जाऊन घेतो म्हणणारे दुपारी बाराला घेतात.